जुना ऑसिलोस्कोप: खरेदी, दुरुस्ती आणि खात्री

विजेचा दाब काळानुसार कसा बदलतो, हे पडद्यावर रेषेने काढून दाखवणारे उपकरण म्हणजे ऑसिलोस्कोप. मल्टिमीटर दाबाचा एक आकडा सांगतो. पण तोच दाब सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्यात कसा चढला आणि कुठे अडखळला, हे पाहायला ऑसिलोस्कोपच लागतो. प्रयोगशाळांतून आणि कारखान्यांतून निवृत्त झालेले असे ऑसिलोस्कोप आज भंगाराच्या भावातही मिळतात. नीट निवडून नीट दुरुस्त केला, तर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा ऑसिलोस्कोप आजही चोख काम देतो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे टेक्ट्रॉनिक्स 465. हॉवर्ड व्होलम आणि जॅक मर्डॉक यांनी सहकाऱ्यांसह 1946 मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे ही कंपनी काढली आणि 1947 मध्ये 511 हा पहिला ऑसिलोस्कोप बाजारात आणला. 465 आला 1972 मध्ये. दोन चॅनेल, 100 मेगाहर्ट्‌झची क्षमता आणि दहा किलोच्या आसपास वजन, त्यामुळे दुरुस्तीला जाणारा तंत्रज्ञ तो हातात धरून नेऊ शकत असे. तो मोठ्या संख्येने विकला गेला, म्हणून आजही एका बंद पडलेल्या उपकरणाचे भाग काढून दुसरे चालू करता येते. त्याहून मोलाचे आहे ते त्याचे सर्व्हिस मॅन्युअल. त्यात पूर्ण सर्किट आहे, कोणत्या बिंदूवर किती व्होल्ट आणि कसा तरंग दिसला पाहिजे ते आहे, प्रत्येक ॲडजस्टमेंटचा क्रम आहे. उपकरण दुरुस्त होणारच, असे गृहीत धरून ते लिहिलेले आहे. अशी बहुतेक जुनी मॅन्युअल स्कॅन होऊन इंटरनेटवर मोफत मिळतात.

नव्या डिजिटल ऑसिलोस्कोपशी तुलना करताना मात्र भाबडेपणा नको. एकदाच घडून जाणारी घटना पकडून ठेवणे, तिची मोजमापे आपोआप काढणे, चित्र साठवणे ही कामे रिगोलसारख्या कंपनीचा स्वस्त नवा ऑसिलोस्कोपही सहज करतो आणि 465 ला ती जमत नाहीत. ऑडिओ, रेडिओ, पॉवर सप्लाय यांची दुरुस्ती आणि शिकणे, यांसाठी जुना ऑसिलोस्कोप उत्तम. मायक्रोकंट्रोलरचे काम मुख्य असेल, तर पैसे नव्यात घालावेत.

महाराष्ट्रात असा माल कंपन्यांच्या बदललेल्या प्रयोगशाळांतून आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या निर्लेखनातून येतो. सरकारी व सार्वजनिक उपक्रमांचा माल एमएसटीसीच्या ऑनलाइन लिलावातही निघतो. लॉटच्या लॉट उचलणाऱ्या व्यापाऱ्यांकडून तो सुटा होऊन मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील जुन्या बाजारापर्यंत पोचू शकतो. ठाण्याच्या ॲपलॅबची किंवा इंदूरच्या सायंटिफिक कंपनीची उपकरणेही त्यात दिसतात. महाविद्यालयातून आलेल्या उपकरणाचे नॉब तुटलेले आणि इनपुटचे सॉकेट ढिले असणे नेहमीचेच. हे दोष वरवरचे आहेत, त्यांना घाबरू नये.

घाबरायचे ते पडद्याला. इतर बहुतेक भाग बदलता येतात, पण खराब झालेली सीआरटी (पडद्याची काचेची ट्यूब) बदलायला दुसरा ऑसिलोस्कोपच फोडावा लागतो. म्हणून शक्यतो उपकरण चालू करून पाहावे. तेज मध्यावर ठेवूनही रेषा बारीक आणि ठळक दिसली पाहिजे. तेज शेवटपर्यंत वाढवूनही ती मंद राहिली, तर ट्यूब थकली आहे असा संशय घ्यावा. पडद्यावर जळका डाग आहे का, हे बंद स्थितीतही तिरक्या उजेडात कळते. दुसरी पारख आतल्या चिप्सची. 465 मध्ये बहुतांश सुटे ट्रान्झिस्टर आहेत. त्याच कंपनीच्या नंतरच्या 2465 मध्ये क्षमता तिप्पट, पण खास त्याच्यासाठीच घडवलेल्या चिप्स आहेत. त्यांतली यू800 ही आडवे विचलन चालवणारी चिप गेली, की बाजारात सरळ पर्याय नाही. प्रोब सोबत नसतील, तर त्यांची किंमत भावातून वजा करावी. विक्रेता ‘चेक केलेला नाही’ म्हणत असेल, तर उपकरण बंद आहे असे धरूनच घासाघीस करावी.

घरी आणल्यावर लगेच प्लग लावण्याचा मोह आवरावा. अमेरिकेतून आलेले उपकरण 115 व्होल्टवर ठेवलेले असू शकते. आपल्या 230 व्होल्टवर ते तसेच लावले, तर मोठे नुकसान होते. व्होल्टेज सिलेक्टरची जागा आणि फ्यूजचे रेटिंग आधी पाहावे. सीआरटीवर हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ट्यूब व मोठे कपॅसिटर भार धरून ठेवतात. हाय व्होल्टेजच्या भागात काम करायची सवय नसेल, तर जाणकाराला सोबत घ्यावे. आणखी एक घातक सवय आपल्याकडे रुळली आहे: ऑसिलोस्कोपच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकणे. असे केल्यास चुकीच्या जागी प्रोबची ग्राउंड क्लिप लागताच अख्खी बॉडी करंट मारू शकते. ज्या यंत्राची तपासणी करायची आहे, ते आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर घ्यावे. ऑसिलोस्कोपची अर्थ शाबूत ठेवावी.

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बोर्डमधून. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या उपकरणाला 60 किंवा 100 वॉटचा फिलामेंट बल्ब सिरीजमध्ये लावला, की आत शॉर्ट असल्यास बल्ब भक्क पेटून राहतो आणि उपकरण वाचते. क्षणभर पेटून मंदावला, तर पुढे जायला हरकत नाही. एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) असलेल्या उपकरणाला ही युक्ती नेहमी मानवत नाही.

मग सप्लाय मोजायचे. 465 मध्ये ते 110, 55, 15, 5 आणि उणे 8 व्होल्टचे आहेत, आणि 55 चा सप्लाय इतरांना आधार देतो. म्हणून मोजणी तिथूनच सुरू करावी. एखादा सप्लाय जवळपास शून्यावर बसला असेल, तर पहिला संशय थेंबाच्या आकाराच्या टँटलम कपॅसिटरवर घ्यावा. ते जुने झाले की शॉर्ट होतात आणि पूर्ण लाइन खाली ओढतात. दोषी कपॅसिटर काढून जास्त व्होल्टेज रेटिंगचा नवा बसवला, की ‘मेलेले’ उपकरण अनेकदा लगेच उठते. सरसकट सगळे कपॅसिटर बदलणे मात्र टाळावे. त्यात ट्रॅक उखडतात आणि नवे दोष घुसतात. मोजून वाईट ठरेल तोच बदलावा. ॲडजस्टमेंटच्या ट्रिमरला तर सप्लाय ठीक झाल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर लावूच नये. दोष लपवण्यासाठी फिरवलेला एक ट्रिमर पुढच्या दुरुस्तीचे आठवडे खातो.

कोकणात आणि मुंबईत दमट हवा, बुरशी, मुंग्या आणि पालींची घाण यांनी बोर्ड खराब होतात. टेक्ट्रॉनिक्सच्या मॅन्युअलमध्ये सौम्य साबणाच्या पाण्याने धुण्याची पद्धतही दिलेली आहे. मात्र त्यानंतर आतला ओलावा पूर्ण जाईपर्यंत मंद उष्णतेत वाळवणे अनिवार्य. 465 च्या कॅम स्विचचे संपर्क सोन्याचा मुलामा दिलेले असतात. त्यांना सँडपेपर लावला, की ते कायमचे गेले. कोऱ्या कागदाची बारीक पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवायची, पत्तीखाली सरकवायची, अलगद दाबून ओढून घ्यायची. पट्टीवर काळी रेघ उमटते. ती उमटायची थांबेपर्यंत नवी पट्टी घ्यायची. व्हॉल्व्हच्या काळातील मॉडेलमध्ये सिरॅमिकच्या पट्ट्यांवर भाग जोडलेले असतात. तिथे चांदीमिश्रित सोल्डरच लागते, कारण साधे सोल्डर पट्टीवरील चांदी विरघळवून घेते. कंपनी अशा सोल्डरचे छोटे वेटोळे उपकरणाच्या आतच ठेवून देत असे.

रेषा दिसू लागली म्हणजे काम संपले असे नाही. उपकरण खरे बोलते का, हे तपासायचे राहते. 465 च्या दर्शनी भागावर 1 किलोहर्ट्‌झचा 300 मिलिव्होल्टचा चौकोनी तरंग मिळतो. त्यावर आधी प्रोब जुळवावा, मग उंची आणि रुंदी मोजावी. 100 मेगाहर्ट्‌झची क्षमता शाबूत असेल, तर अतिजलद कडा दिल्यावर पडद्यावरची चढण सुमारे 3.5 नॅनोसेकंदांत पूर्ण होते. घरगुती कामाला एवढे पुरते. व्यवसायासाठी प्रमाणपत्र हवे असेल, तर मुंबईत चुनाभट्टीची आयडेमी आणि अंधेरीची ईआरटीएल या संस्था कॅलिब्रेशन करतात.

उपकरण खरे बोलते का, हा विचार इतर मोजयंत्रांनाही लागू पडतो. एचपी 3478ए हा मल्टिमीटर त्याची कॅलिब्रेशनची मूल्ये बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या मेमरीत ठेवतो. बॅटरी संपली, की मूल्ये पुसली जातात. म्हणून तो घेतल्यावर आधी ती मूल्ये वाचून जपून ठेवावीत, मगच बॅटरी बदलावी.

ज्याचे सर्किट मिळत नाही, असे उपकरण कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. आणि निर्लेखनाची यादी करणाऱ्या महाविद्यालयांना व कंपन्यांना एक विनंती: उपकरण विकताना त्याचे मॅन्युअल, प्रोब आणि दुरुस्तीची नोंदवही रद्दीत टाकू नका, सोबतच द्या.