नांगी विंचवाची, घात संप्रेरकांचा

विंचू चावलेले दोन रुग्ण एकाच वेळी दवाखान्यात आले. एकाने ओरडून खोली डोक्यावर घेतलीय. बोट झटकतोय, ठणका खांद्यापर्यंत गेला म्हणून विव्हळतोय. दुसरा गप्प आहे. दुखतं का विचारलं तर ‘तसं फार नाही’ म्हणतो. पण कपाळावरून घामाच्या धारा लागल्या आहेत, वाटेत दोनदा उलटी झालीय, आणि हात हातात घेतला तर थंडगार. अशा वेळी कोकणातला जाणता डॉक्टर ओरडणाऱ्याला बाकावर बसवतो आणि गप्प असलेल्याकडे धाव घेतो.

हे उलटं वाटणारं शहाणपण पुस्तकांतून आलेलं नाही. त्यातला बराच भाग रायगड जिल्ह्यात, महाड परिसरातल्या खाटांशेजारी गोळा झाला. सावित्री नदी बाणकोटच्या खाडीकडे जाताना ज्या पट्ट्यातून वाहते, तिथे जांभ्याचे चिरे, कौलारू घरं, परसातलं सरपण, पेंढ्याच्या उडव्या असं सगळं लाल विंचवाला हवं तसं आहे. पावसाआधीच्या उकाड्यात आणि पुढे भातकापणीच्या दिवसांत माणसाची आणि त्याची गाठ जास्त पडते. दिसायला तो किरकोळ, बोटाएवढा, तांबूस. मोठा काळा विंचू पाहून माणसं किंचाळतात, पण त्याच्या दंशाने सहसा जीव जात नाही. जीव घेतो तो हा लहान लाल विंचू. त्यातही लहान मुलांचा, कारण विष तेवढंच आणि अंग छोटं.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. मूळचे जालना जिल्ह्यातले, नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेले. त्या काळी या भागात विंचूदंशाने गंभीर झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के दगावत. धडधाकट माणसं संध्याकाळी विंचू चावला म्हणून येत आणि पहाटेपर्यंत तोंडाला गुलाबी फेस येऊन जात. बावस्करांनी रुग्णाशेजारी बसून नोंदी ठेवायला सुरुवात केली. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचं तापमान, कोणतं लक्षण आधी आलं आणि कोणतं नंतर. वैद्यकशास्त्रात अशा कंटाळवाण्या नोंदींना जेवढा मान मिळायला हवा तेवढा मिळत नाही, असं मला नेहमी वाटतं. १९८२ मध्ये त्यांचा लाल विंचवाच्या दंशाच्या पूर्वलक्षणांवरचा लेख ‘लॅन्सेट’ने छापला.

त्या नोंदींमधून जे दिसलं ते समजून घ्यायचं तर आधी चेतापेशीत डोकवावं लागतं. बोटाला टोचलेलं मेंदूला कळतं ते विजेच्या एका लाटेमुळे. चेतातंतूच्या आवरणात सोडिअमसाठी सूक्ष्म दारं असतात. ती क्षणभर उघडतात, सोडिअम आत शिरतं, लाट पुढे सरकते आणि हजारांश सेकंदात दारं मिटतात. मग पोटॅशिअमची दारं उघडून तंतू पुन्हा शांत होतो. विंचवाच्या विषात लहान लहान प्रथिनांची फौज असते. त्यातली काही सोडिअमची दारं मिटू देत नाहीत, तर काही पोटॅशिअमची दारं अडवून धरतात. लाल विंचवाच्या विषातून वेगळं काढलेलं आयबेरिओटॉक्सिन हे ३७ अमिनो आम्लांचं प्रथिन पोटॅशिअमच्या एका विशिष्ट दाराला इतकं नेमकं बंद करतं, की जगभरच्या प्रयोगशाळा ते आता संशोधनाचं हत्यार म्हणून वापरतात. एकूण परिणाम असा, की चेतातंतू एकदा पेटला की विझतच नाही.

जखमेच्या जागी हे झालं की असह्य ठणका लागतो. दंशाच्या जागेवर बोटाने हलकी टिचकी मारली तर रुग्ण झटक्यात हात मागे घेतो, आणि विंचू कुणी पाहिलेला नसला तरी या खुणेवरून निदानाला मदत होते. पण वेदना ही धोक्याची मोजपट्टी नाही. खरं संकट सुरू होतं ते विष रक्तातून स्वायत्त चेतासंस्थेपर्यंत पोचल्यावर. ही यंत्रणा आपल्याला न विचारता हृदय, आतडी, घामग्रंथी, रक्तवाहिन्या आणि डोळ्यांच्या बाहुल्या चालवते. तिच्या दोन बाजू आहेत. परानुकंपी बाजू विसावा आणि पचन सांभाळते, तर अनुकंपी बाजू संकटात शरीराला सज्ज करते. एरवी एक बाजू चढली की दुसरी उतरते. विंचवाचं विष दोन्हींना एकदम चेतवतं.

सुरुवातीला परानुकंपी खुणा दिसतात. उलट्या होतात, तोंडाला पाणी सुटतं, काही वेळा नाडी मंदावते, मुलगे आणि पुरुष असतील तर लिंगाला ताठरता येते. हे शेवटचं लक्षण सांगायला घरची माणसं संकोचतात आणि डॉक्टरही विचारत नाहीत, पण ते वेळीच कळलं तर एक जीव वाचू शकतो. त्याच्या जोडीला घाम. इथे शरीराची एक गंमत आहे. घामग्रंथींना जाणारे तंतू अनुकंपी असले तरी ते तिथे परानुकंपी बाजूचं रसायन, अॅसिटिलकोलीन, सोडतात. त्यामुळे विंचूदंशाच्या रुग्णाला घाम येतो तो भिजून चिंब होण्याइतका.

मग खेळ संप्रेरकांच्या हातात जातो. प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्यावर जेमतेम चार-पाच ग्रॅमची अधिवृक्क ग्रंथी असते. तिचा गाभा खरं तर चेतासंस्थेचंच बदललेलं रूप आहे. तंतू फुटण्याऐवजी तिथल्या पेशी थेट रक्तात अॅड्रिनॅलिन सोडतात. या ग्रंथीच्या अर्कामुळे रक्तदाब झपाट्याने चढतो हे १८९५ मध्ये लंडनला ऑलिव्हर आणि शेफर यांनी दाखवलं. त्यानंतर जोकिची ताकामिने या जपानी रसायनतज्ज्ञाने १९०१ च्या सुमारास ते द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळवलं. रस्त्यात बैल अंगावर आला तर अॅड्रिनॅलिन उपयोगाचं आहे, कारण ते काही मिनिटांत नाहीसं होतं. विंचवाच्या विषाने पेटलेली यंत्रणा मात्र तासन् तास ते ओतत राहते. चेतातंतूंच्या टोकांतून नॉरअॅड्रिनॅलिनही वाहत असतं. वैद्यकीय लेखांत याला ‘ऑटोनॉमिक स्टॉर्म’, म्हणजे स्वायत्त संस्थेचं वादळ म्हणतात.

हातपाय थंड पडण्याचं कारण इथे आहे. नॉरअॅड्रिनॅलिनमुळे त्वचेतल्या आणि हातापायांतल्या लहान धमन्या आवळल्या जातात, तिथे रक्त पोचत नाही. धमन्या आवळल्या की रक्तदाब चढतो आणि हृदयाच्या डाव्या जवनिकेला प्रत्येक ठोक्याला प्रचंड विरोधाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. त्याच वेळी तिला वेगाने धावायलाही लावलं जातं. काही तासांत ती थकते. पुढे न गेलेलं रक्त मागे फुप्फुसांत साचतं, केशवाहिन्यांतला दाब वाढतो, पाणी वायुकोशांत झिरपतं. तोंडावाटे येणारा गुलाबी फेस म्हणजे हवा, ते पाणी आणि थोडं रक्त. माणूस स्वतःच्याच छातीत बुडतो.

इन्सुलिनची गोष्ट कमी सांगितली जाते, म्हणून इथे थोडं थांबतो. अॅड्रिनॅलिन आणि नॉरअॅड्रिनॅलिन स्वादुपिंडातून येणारं इन्सुलिन दाबून टाकतात आणि यकृताला साठवलेली साखर सोडायला लावतात. पळायचं असेल तर हे योग्यच. पण वादळ लांबलं की रक्तात साखर भरपूर आणि पेशींना ती वापरता येत नाही, अशी अवस्था होते. चरबी वितळून रक्तात मेदाम्लं वाढतात, आणि ती दमलेल्या हृदयाला आणखी त्रास देतात. मुंबईत के. राधाकृष्ण मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगातल्या प्राण्यांना लाल विंचवाचं विष देऊन हाच धागा तपासला आणि इन्सुलिन दिल्यावर हृदयाचे बदल उलटू शकतात असं मांडलं. अभ्यासक्रमात चेतासंस्था एका प्रकरणात, संप्रेरकं दुसऱ्यात आणि हृदय तिसऱ्यात असतं. विंचूदंशाच्या एका रात्रीत ही सगळी प्रकरणं एकाच अंगावर उघडतात.

एवढं कळल्यावर जुने उपचार का फसत होते हेही लक्षात येतं. सलाईन भरभरून दिलं की फुप्फुसांत आणखी पाणी. अॅट्रोपिनने घाम आणि लाळ थांबायची, पण परानुकंपी बाजूचा उरलासुरला लगामही सुटून हृदय अधिक उधळायचं. स्टेरॉइड आणि अॅलर्जीची औषधं तर मूळ दुखण्याच्या वाऱ्यालाही उभी नव्हती. बीटा-ब्लॉकर प्रकारची औषधं देऊन हृदय शांत करावं हा विचार वरवर बरा वाटतो. पण रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्येच दाखवलं होतं की या संप्रेरकांचा संदेश घेणारे पेशींवरचे ग्राही दोन जातींचे आहेत, अल्फा आणि बीटा. धमन्या आवळण्याचं काम अल्फा ग्राहींचं. बीटा अडवले आणि अल्फा मोकळे सोडले, तर आवळलेल्या धमन्यांपुढे हृदय आणखी दुबळं पडतं.

बावस्करांनी आधी फुप्फुसात पाणी भरलेल्या रुग्णांना धमन्या सैलावणारं सोडिअम नायट्रोप्रुसाइड दिलं. त्याने गुण यायचा, पण ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यायचं आणि रक्तदाबावरून नजर काढायची नाही, असं औषध. खेड्यात रात्री दोन वाजता ते कोण देणार? मग त्यांचं लक्ष प्राझोसिनकडे गेलं. उच्च रक्तदाबासाठी १९७० च्या दशकात बाजारात आलेली ही साधी, स्वस्त गोळी नेमके अल्फा ग्राही अडवते. विषाला ती हातही लावत नाही. विषाच्या चिथावणीने आपल्याच शरीराने सोडलेल्या संप्रेरकांचं ऐकू नका, एवढंच ती धमन्यांना सांगते. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दांपत्याचा प्राझोसिनवरचा लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरलं. २०२२ मध्ये हिंमतरावांना पद्मश्री मिळाली. खरं तर गोळी आधीपासून औषधाच्या दुकानांत होतीच. ती विंचवासाठी आहे हे ओळखायला धमनी आणि संप्रेरक यांचं नातं खाटेशेजारी बसून वाचावं लागलं.

गोळी दिल्यावर रुग्णाला आडवं ठेवावं लागतं, कारण धमन्या सैलावल्यावर एकदम उठून बसला तर रक्तदाब कोसळून भोवळ येते. उतार पडू लागला की हातपाय गरम होतात, घाम थांबतो, आणि मघापर्यंत दुखत नव्हतं त्या जागी ठणका सुरू होतो. नातेवाईक घाबरतात. डॉक्टर मात्र त्या ठणक्याने सुखावतो.

प्रतिविषाचं काम वेगळं. घोड्यांना विष टोचून तयार केलेल्या प्रतिपिंडांचं हे औषध मुंबईच्या हाफकिनमध्ये बनतं. रक्तात फिरणारं विष ते निकामी करतं, पण आधीच सुटलेली संप्रेरकं परत बोलावू शकत नाही. म्हणून एकट्या प्रतिविषावर किंवा एकट्या गोळीवर विसंबण्यापेक्षा दोन्ही एकत्र द्यावं का, हा प्रश्न होता. बावस्कर दांपत्याने महाडमध्ये ७० रुग्णांवर चाचणी घेतली. अर्ध्यांना फक्त प्राझोसिन, अर्ध्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष. २०११ मध्ये ‘बीएमजे’मध्ये आलेले निष्कर्ष स्पष्ट होते. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण दुसऱ्या गटात ९१ टक्के, पहिल्या गटात २३ टक्के. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळही निम्म्याहून खाली आला. प्रतिविष हाताशी नसेल तिथे मात्र प्राझोसिन लगेच देणं हेच पहिलं पाऊल राहतं, आणि ते गावपातळीवर देता येतं. मांत्रिकाकडे विंचू उतरवायला घालवलेला तासभर मात्र कोणत्याही औषधाने परत मिळत नाही.

आता प्रश्न विषाचाच आहे. लाल विंचू किनाऱ्यावर आहे तसा घाटावरही आहे. पोकॉक या प्राणिशास्त्रज्ञाने तर १९०० सालीच कोकणातल्या विंचवाला वेगळी उपजात म्हणून नाव दिलं होतं. अलीकडच्या तपासण्यांत वेगवेगळ्या प्रदेशांतल्या लाल विंचवांच्या विषातली प्रथिनं सारखी नसल्याचं आढळलं आहे. ज्या विंचवाचं विष घोड्याला टोचलं त्याच्याविरुद्धच प्रतिपिंडं सर्वांत नेमकी तयार होणार, तेव्हा बाटलीतलं औषध आणि श्रीवर्धनच्या परसातला विंचू यांचं किती जुळतं, हे तपासत राहणं हा उपचाराचाच भाग आहे.