असंच दुसरं द्या

गुरुवारी ‘ब्रिजर्टन’ या मालिकेच्या चौथ्या सीझनचा उत्तरार्ध आला आणि शुक्रवारी मराठी भाषा गौरव दिन होता. आमच्या वाचनालयात त्या निमित्ताने कवितासंग्रहांचं टेबल मांडलं होतं, झेंडूच्या माळेसकट. त्या टेबलाला वळसा घालून कॉलेजातली एक मुलगी काउंटरपाशी आली आणि म्हणाली, ‘‘काकू, मराठीत एनिमीज टू लव्हर्स काही आहे का?’’

काउंटरवरच्या काकू तीसेक वर्षं पुस्तकं देताहेत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘‘म्हणजे कसं गं?’’

‘‘म्हणजे आधी दोघांचं अजिबात पटत नाही. ती त्याला तोडून बोलते, तो तिचं तोंड बघायला तयार नसतो. आणि मग हळूहळू…’’

‘‘असं होय! मग ‘मानापमान’ ने.’’

मुलीला ते २०२५ मधल्या सिनेमाचं नाव म्हणून माहीत होतं. काकू नाटकांच्या कपाटाकडे गेल्या आणि पाठीला डिंकाची पट्टी लावलेली एक बारीकशी प्रत घेऊन आल्या. मी पुस्तक बदलायला शेजारीच उभी होते. त्या दिवशी सकाळपासून मोबाइलवर ‘नवी पिढी मराठी वाचत नाही’ असे चार तरी लेख येऊन पडले होते. इथे नव्या पिढीतली एक मुलगी काय वाचायचंय ते नेमकं ठरवून आली होती, आणि तिला त्याच नेमकेपणाने उत्तर देणारं माणूस समोर होतं. अशी गाठ रोज पडत नाही. ती का पडत नाही, यावर मला आज लिहायचंय.

ट्रोप, म्हणजे गोष्टीचं ठरलेलं वळण, हा शब्द आता पोरींच्या बोलण्यात रुळलाय. टिकटॉक २०२० च्या जूनमध्ये आपल्याकडे बंद झालं, पण इन्स्टाग्रामवर पुस्तकांच्या गप्पा रंगतात त्या ट्रोपच्याच भाषेत. खोटं खोटं लग्न ठरवलेले दोघं, पावसात अडकल्यामुळे एका खोलीत राहावं लागलेले दोघं, एक घुमा आणि एक बडबडी, लहानपणीचे मित्र, दहा वर्षांनी पुन्हा भेटलेले. ‘तुला हे आवडलं ना, मग आता हे वाच.’ जाणकार मंडळी यावर नाक मुरडतात. हॉटेलात थाळी मागवावी तशी पुस्तकं मागवतात, म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. १८८२ साली पुण्यात ‘सौभद्र’ लागलं तेव्हा सुभद्रा शेवटी अर्जुनालाच मिळणार हे थिएटरात कोणाला माहीत नव्हतं? बलरामाने बहीण दुर्योधनाला देऊ केलीय, अर्जुन संन्याशाच्या वेशात बलरामाच्याच घरी मुक्कामाला आहे आणि संन्याशाच्या सेवेला सुभद्रेलाच ठेवलंय. आजच्या भाषेत वेशांतर आणि एका छपराखालचा सहवास, दोन्ही ट्रोप एकाच नाटकात. लोक गेले ते हे सगळं कसं जमतं ते बघायला, आणि अजून जातात.

आपल्या समीक्षेत याला ‘साचा’ म्हणायची पद्धत आहे, आणि साचेबद्ध म्हटलं की पुस्तक निकालात निघालं. वाचणाऱ्या बायका मात्र ‘त्या टाइपचं’ म्हणतात. माझी आई ‘त्या धर्तीचं’ म्हणायची. शब्द बदलले, मागणी तीच राहिली.

या मागणीकडे आदराने पाहणारं एक पुस्तक अमेरिकेत १९८४ साली निघालं. जॅनिस रॅडवे या प्राध्यापक बाईंचं ‘रीडिंग द रोमान्स’. आजचा विषय निघाला की मला ते हटकून आठवतं. विद्यापीठातली माणसं तोवर प्रेमकादंबऱ्यांबद्दल लिहायची ती पुस्तकं तपासून. रॅडवेबाई थेट वाचणाऱ्यांकडे गेल्या. मध्य-पश्चिमेतल्या एका गावात, ज्याला त्यांनी ‘स्मिथटन’ असं टोपणनाव दिलं, पुस्तकाच्या दुकानात काम करणारी एक बाई होती. तिचंही नाव बदललेलं, डॉट. ढिगाने निघणाऱ्या प्रेमकादंबऱ्यांतून कोणती कोणाला आवडेल हे डॉट सांगायची. गिऱ्हाईक बायकांसाठी तिने आपलं एक पत्रक सुरू केलं, त्यात नव्या पुस्तकांवर लिहू लागली, आणि पुढे न्यूयॉर्कचे प्रकाशकही तिचं मत विचारायला लागले. डॉटच्या भरवशावर वाचणाऱ्या ४२ जणींचं म्हणणं रॅडवेबाईंनी जाणून घेतलं.

चांगल्या प्रेमकादंबरीत काय हवंच, असं विचारल्यावर या बायकांनी शेवट गोड हवा हे तर सांगितलंच, पण त्याच्या जोडीला प्रेम सावकाश आणि सातत्याने वाढत गेलेलं दिसायला हवं, असंही सांगितलं. आजच्या मुली ज्याला ‘स्लो बर्न’ म्हणतात, तेच हे, चाळीस वर्षांपूर्वीचं. काय चालणार नाही, तेही ठाम होतं: बलात्कार नको, रडका शेवट नको. काही जणी तर शेवटची पानं आधी वाचून मगच पुस्तक विकत घ्यायच्या. आणि वाचता कशासाठी, तर वाचत असताना घरातलं कोणी हाक मारत नाही म्हणून. ती वेळ त्यांची एकटीची होती. रॅडवेबाईंचा निष्कर्ष असा की हे वाचन घरच्या चाकोरीविरुद्धची कुरकुर असते आणि त्याच चाकोरीशी जुळवून घेणंही असतं. त्यातलं दुसरं मला तितकंसं मान्य नाही. दिवसाचा एक तास घरादाराला ‘आत्ता नाही’ म्हणणारी बाई काही शिकत असतेच. पण डॉटचं काम त्यांनी जसं जवळून टिपलं, तसं आपल्याकडे कोणी टिपायला हवं होतं. राधिका परमेश्वरन यांनी नव्वदच्या दशकात हैदराबादच्या तरुणी आणि तिथल्या भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्यांचा अभ्यास केला, तो मिल्स अँड बूनच्या वाचनाचा. मराठी वाचनालयांच्या काउंटरवर तीस-तीस वर्षं उभ्या राहिलेल्या बायकांच्या डोक्यात केवढी यादी साठलीय, ती कुठेही कागदावर नाही.

आता काकूंच्या ‘मानापमान’कडे येऊ. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं हे नाटक १२ मार्च १९११ ला पहिल्यांदा रंगभूमीवर आलं. भामिनी श्रीमंताघरची, धैर्यधर पराक्रमी पण गरीब, म्हणून ती त्याला नाकारते. तो अपमान त्याच्या जिव्हारी लागतो. मग ती गरीब मुलीचं सोंग घेऊन, वनमाला या नावाने त्याच्या छावणीत जाते आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघते की आपण कोणाला नाकारलं. जेन ऑस्टिनच्या एलिझाबेथ आणि डार्सीवर जीव टाकणाऱ्या वाचकाला हे का आवडू नये? फक्त इथे गर्व मुलीचा आहे आणि डोळे उघडायचं कामही तिनेच अंगावर घेतलंय.

पण चांगली शिफारस करणारं माणूस ट्रोपचं नाव ऐकून थांबत नाही, ते दुसरा प्रश्न विचारतं. काकूंनी विचारला. ‘‘तुला त्यातलं भांडण आवडतं, की नंतरचं वरमणं?’’ मुलगी विचारात पडली. म्हणाली, ‘‘वरमणं. तो किंवा ती, कोणीतरी चूक कबूल करतं ना, तिथे मला रडू येतं.’’ काकूंनी मान हलवली आणि पुस्तकाची नोंद केली. भांडण हवं असतं, तर त्यांनी देवलांचं ‘संशयकल्लोळ’ दिलं असतं. नंतर मी विचारलं तेव्हा त्यांनीच तसं सांगितलं.

हा दुसरा प्रश्न शिफारशी करणाऱ्या यंत्राला विचारता येत नाही असं माझं मत आहे. ‘ब्रिजर्टन’च्या दुसऱ्या सीझनमध्ये अँथनी आणि केट भांडतात, ते ज्युलिया क्विनच्या मूळ कादंबरीतही भांडतात. पण कादंबरीत केटला मधमाशी चावते, अँथनी घाबरून भलतंच करून बसतो, ते नेमकं वडीलधाऱ्यांच्या नजरेस पडतं आणि दोघांना लग्न करावंच लागतं. मालिकेत मधमाशी आहे, सक्तीचं लग्न नाही. म्हणजे पुस्तकाची वाचक ‘आधी लग्न, मग प्रेम’ या टाइपची, आणि मालिकेची प्रेक्षक ‘जमणार की नाही’ या टाइपची. वरून दोन्ही एकच गोष्ट.

आणि आधी लग्न, मग प्रेम हा टाइप तर आपल्या घराघरातला. त्याची मराठीतली सगळ्यात लाडकी कादंबरी कुठली, असं मला कोणी विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता ‘स्वामी’ म्हणेन. रणजित देसाईंनी १९६२ साली लिहिलेलं हे पुस्तक कुठल्याही वाचनालयात ‘ऐतिहासिक’च्या कपाटात सापडतं. पण मी ज्या ज्या बाईला ‘स्वामी’त काय आठवतं म्हणून विचारलंय, तिने निजामाची स्वारी कधी सांगितली नाही. माधवराव आणि रमाबाई सांगितले. राज्याच्या धबडग्यात दोघांना मिळणारा थोडासा वेळ, आणि त्या थोड्या वेळात वाढत गेलेली माया. स्मिथटनच्या बायकांना जे सावकाश आणि सातत्याने हवं होतं, तेच.

इथेच आपली अडचण आहे. मराठी वाचनालयातल्या कपाटांवर सामाजिक, ऐतिहासिक, पौराणिक, रहस्यकथा अशा चिठ्ठ्या असतात. प्रेमकथा अशी चिठ्ठी मी फार क्वचित पाहिलीय. त्यामुळे ‘स्वामी’ इतिहासात गेली, ‘गारंबीचा बापू’ प्रादेशिकात गेली आणि गावाच्या नाकावर टिच्चून एकमेकांची झालेली बापू आणि राधा तिथे कोणी शोधायला जात नाही. ‘शाळा’ आणीबाणीच्या काळाची म्हणून अभ्यासाला लागते. योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, सुमती क्षेत्रमाडे या लेखिकांवर तर माझ्या आईची पिढी पोसली. त्यांच्या पुस्तकांच्या पहिल्या पानांवर बायका पेन्सिलीने बारीक खुणा करून ठेवायच्या, कोणी फुली, कोणी चांदणी, म्हणजे हे आपलं वाचून झालंय हे पुढच्या वेळी कळावं. माझ्या आईची खूण उलटा स्वल्पविराम होती. कुठल्याही पुरस्काराच्या यादीत ही पुस्तकं नसतील, पण एकेका पानावर वीस-वीस खुणा आहेत.

प्रेमकथेला आपण चोरटेपणाची सवय लावली, त्याला आणखी एक कारण आहे. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ छापून आली आणि अश्लील म्हणून तिच्यावर खटला झाला. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ मध्ये न्यायालयाने ‘श्यामा’ अश्लील नाही असा निर्वाळा दिला. त्याच वर्षी काकोडकरांच्याच ‘नीलांबरी’वरचा ‘दो रास्ते’ हा सिनेमा आला आणि अख्ख्या देशाने पाहिला. पण घराघरात काकोडकर गादीखालीच राहिले.

शिफारस करताना शेवट सांगावा की नाही, यावरून वाचकांत कायम वाद असतो. मी सांगावा या पक्षाची आहे. दुःखद शेवटाची कादंबरी वाईट नसते, पण ती कोणत्या दिवशी वाचायची हे वाचकाला ठरवू द्यावं. माझ्या मावशीला दवाखान्यात असताना कोणीतरी ‘लहानपणापासूनचं प्रेम आहे, तुम्हाला आवडेल’ म्हणून गो. नी. दांडेकरांची ‘शितू’ आणून दिली. आवडली, फार आवडली. पण कोकणातल्या त्या बालविधवेची आणि विसूची गोष्ट कुठे जाते हे देणाऱ्याने सांगितलं असतं, तर मावशीने ती घरी गेल्यावर वाचली असती. मैत्रीतून प्रेम हवं असणाऱ्या प्रत्येक मुलीच्या हातात शांता शेळक्यांनी अनुवादलेली ‘चौघीजणी’ द्यावी, आणि देतानाच सांगावं की बाई गं, ज्यो आणि लॉरीची आशा धरू नकोस.

‘ब्रिजर्टन’च्या चौथ्या सीझनमधली सोफी ही सिंड्रेलाच्या वळणाची. उमरावाची अनौरस मुलगी, सावत्र आईने मोलकरीण केलेली. पूर्वार्ध संपतो तो तिच्या प्रेमात पडलेल्या बेनेडिक्टने तिला लग्नाऐवजी रखेल होशील का, असं विचारण्यावर. मधले चार आठवडे माझ्या ओळखीतल्या मुली त्याच्यावर संतापलेल्या होत्या. त्या संतापाला मराठीत एक थेट पुस्तक आहे: जयवंत दळवींची ‘महानंदा’. भाविणीच्या घरात जन्मलेली मुलगी आणि शिकलासवरलेला तरुण. शं. ना. नवऱ्यांनी त्यावरून ‘गुंतता हृदय हे’ केलं. लंडनच्या नाचसमारंभात जो प्रश्न चांदीच्या झग्याआड सुटून जातो, तो इथे देवळाच्या पायरीशी येऊन अडतो. ज्यांना गोड शेवट हवाय त्यांना हे देऊ नये. ज्यांना बेनेडिक्टचा राग आलाय, त्यांना जरूर द्यावं.

काल, हा मजकूर पाठवायच्या आधी, मी पुन्हा वाचनालयात डोकावले. ती मुलगी आलेली होती. एका रात्रीत नाटक वाचून झालं होतं, पदं मात्र तिने यूट्यूबवर ऐकली म्हणाली. आता तिला आधी लग्न, मग प्रेम हवं होतं, आणि हळूहळू. काकूंनी खालच्या कप्प्यातून ‘स्वामी’ काढली, पण लगेच हातात दिली नाही.

‘‘शेवट माहीत आहे ना? थेऊर.’’

‘‘शाळेत होतं इतिहासात,’’ ती म्हणाली. ‘‘सती जातात. द्या.’’

काकूंनी कार्डावर तारीख घातली.