पावसाळा, खारी हवा आणि घरातला ड्रायर



जुलैमध्ये आमच्या वर्गात पहिल्या तासालाच एक ओळखीचा वास येतो, ओलसर गणवेशाचा. अलिबागपासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंत या दिवसांत हवेतली आर्द्रता बरेचदा 85-90 टक्के असते. दोरीवरचा सदरा दोन दिवस झाले तरी ओलाच! पूर्वी आपल्या आज्या शेगडीच्या निखाऱ्यांवर टोपली उपडी घालून तिच्यावर बाळाची दुपटी सुकवायच्या. आता बऱ्याच घरांत ते काम सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या ड्रायरवर आलंय. आपण ड्रायर रोज वापरतो, पण त्याच्याकडे लक्ष मात्र देत नाही. मीही देत नव्हते.

ड्रायर कपडे वाळवतो का?

खरं तर नाही. आपल्याकडचा हा ड्रायर उष्णता देत नाही, तो कपडे फक्त जोरात फिरवतो. टब मिनिटाला साधारण 1300 फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला जवळजवळ 22. टबचा घेर 75 सेंटिमीटर धरला, तर त्याच्या कडेचा वेग तासाला सुमारे 59 किलोमीटर होतो! (चौथी-पाचवीच्या मुलांना हे गणित जरूर घाला.) या वेगामुळे कपड्यातलं पाणी भोकांतून बाहेर फेकलं जातं. उरलेला ओलावा मात्र हवेनेच जायचा असतो. म्हणून ड्रायरमधून काढलेले कपडे लगेच पंख्याखाली, एकमेकांना न चिकटवता पसरावेत. टबमध्ये तासन् तास राहिले तर जिवाणू वाढतात आणि कुबट वास येतो. शिवाय दमट कपडे अंगावर राहिले की मुलांना गजकर्णासारखे त्वचेचे त्रास होतात, हे आपण दर पावसाळ्यात पाहतोच.

माझी चूक

मागच्या पावसाळ्यात आमच्या ड्रायरचं झाकण उघडलं तरी टब बराच वेळ गरगर फिरत राहायचा. "मशीन जुनं झालंय," असं म्हणून मी तीन आठवडे दुर्लक्ष केलं. एका संध्याकाळी माझ्या सहा वर्षांच्या मुलाने मोजा काढायला झाकण उघडलं आणि हात आत घालणार, तेवढ्यात मी त्याचं मनगट धरलं. फिरत्या कपड्यात बोटं अडकली असती तर काय झालं असतं, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने दाखवलं, ब्रेकची तार ढिली झाली होती आणि ब्रेकचा रबरी तुकडा झिजला होता. काम अर्ध्या तासाचंच होतं.

तेव्हापासून मी महिन्यातून एकदा तपासणी करते. रिकामा टब फिरवायचा, झाकण उघडायचं आणि हात लांब ठेवून आकडे मोजायचे. दहा-पंधरा मोजेपर्यंत टब थांबला पाहिजे. नाही थांबला, तर दुरुस्ती होईपर्यंत ड्रायर बंद!

स्वच्छता कशी करावी?

आधी प्लग काढा. ओल्या हाताने काढू नका.

1. टब आणि बाहेरचं भांडं यांच्या फटीत लहान मोजे, रुमाल, पिना जातात. मोटर नुसती घूं-घूं करते आणि टब फिरत नाही, तेव्हा लगेच बंद करून आधी तिथे बघा. तसंच चालू ठेवलं तर मोटर जळते.
2. पाणी जायच्या पाइपात धागे आणि साबणाचा गाळ साचतो. पाइप खाली सरळ सोडा, वर उचलून ठेवू नका. त्यात अधूनमधून बादलीभर पाणी जोराने सोडा.
3. टब साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसा, मग कोरडा करा. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर असेल तर लिंबूसत्व पाण्यात विरघळवून लावा आणि धुऊन टाका. ब्लीच आणि लिंबू किंवा व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.
4. काम झाल्यावर झाकण थोडा वेळ उघडं ठेवा, पण प्लग काढून.

कपडे टाकताना सगळीकडे सारखे दाबून बसवा आणि वर प्लास्टिकची चकती ठेवा. एकच जड चादर एका बाजूला गेली की मशीन थडथड नाचतं आणि टबखालचं रबरी सील खराब होतं. मग पाणी थेट मोटरवर गळतं.

किनाऱ्यावरची खास काळजी

पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं ना? तसंच वाऱ्याने येणारं मीठ मशीनच्या पत्र्यावर बसतं, हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि गंज लवकर चढतो. म्हणून समुद्राकडच्या पडवीत मशीन ठेवू नका. आठवड्यातून एकदा बाहेरची बाजू गोड्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसा. मशीन स्टँडवर ठेवा, म्हणजे खाली पाणी साचत नाही. पावसात उंदीरही खालून शिरून वायर कुरतडतात, तिथे जाळी बसवून घ्या. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच बंद करा.

गरम हवेचा ड्रायर असेल, परदेशातल्या नातेवाइकांकडे असतो तसा, तर त्याची धाग्यांची जाळी प्रत्येक वेळी साफ करायलाच हवी. साचलेल्या धाग्यांनी आग लागते.

वर्गात करून बघा

दोन सारखे रुमाल भिजवून सारखेच पिळा. एक बंद खोलीत आणि एक पंख्याखाली टांगा. कोणता आधी वाळतो, ते मुलांना वेळ लिहून ठेवून सांगू द्या. आणि एक गृहपाठ पालकांसाठी: आज घरी गेल्यावर ड्रायरचं झाकण उघडून पंधरापर्यंत मोजा. मुलांना मात्र एवढंच शिकवा, टब पूर्ण थांबल्याशिवाय हात आत नाही.