भिंतीला लावलेला चुना

लंडनमधलं अठराव्या शतकातलं एखादं विटांचं घर आधी रस्त्यापलीकडून पाहावं. विटा आखून बसवल्यासारख्या दिसतात आणि दोन थरांमधली दरज जेमतेम सुतळीएवढी, पांढरीशुभ्र. मग रस्ता ओलांडून नाक भिंतीला टेकेल इतकं जवळ जावं. विटांचे कोपरे झडलेले, कडा वेड्यावाकड्या. पांढऱ्या रेघेच्या वर-खाली विटेच्याच रंगाचा, पण विटेपेक्षा रवाळ असा पट्टा दिसतो. खरी दरज ती, करंगळीएवढी रुंद. पांढरी रेघ तिच्यावर नंतर बसवलेली आहे.

या कामाला टकपॉइंटिंग म्हणतात. आपल्याकडे पॉइंटिंगला ‘दरजा भरणे’ असा नेमका शब्द आहे, साइटवर तो कुणी वापरत नाही ही गोष्ट वेगळी. पण इथे दरज नुसती भरलेली नाही. चित्र काढावं तशी ती काढलेली आहे.

ही उठाठेव कशासाठी, तर शेजाऱ्याच्या बरोबरीने दिसण्यासाठी. 1666च्या आगीत लाकडी लंडन जळालं आणि पुढच्याच वर्षी नवी घरं विटांची किंवा दगडाचीच बांधायची असा कायदा झाला. श्रीमंतांनी नेदरलँड्सकडून आलेली एक पद्धत उचलली. मऊ, वाळूमिश्रित विटा कापायच्या, दगडावर घासून तंतोतंत मापाच्या करायच्या आणि मधे चुन्याचा मिलिमीटरभर थर द्यायचा. केन्सिंग्टन राजवाड्याच्या आवारातली 1704 सालची ऑरेंजरी ही विटांची इमारत पाहिली, की हा षोक किती खर्चीक होता ते कळतं. बाकीच्यांच्या वाट्याला भट्टीतून वाकड्यातिकड्या निघालेल्या साध्या विटा आल्या. त्यांच्यावर पातळ दरजेचा भास उभा करणं हा त्यातला स्वस्त मार्ग. स्वस्त म्हणजे तेव्हाच्या मजुरीत. आज हे काम करून घेणाऱ्याला विचारा!

काम चालतं ते असं. दरजा कोरून घ्यायच्या आणि चुना, वाळू व रंगद्रव्य यांच्या मसाल्याने विटेच्या पातळीपर्यंत भरायच्या. रंगद्रव्यं आपल्या ओळखीची आहेत: लाल विटेला गेरू, पिवळीला पिवडी, काळपट विटेला काजळी. मग सगळ्या भिंतीवर रंगाचा पातळ हात फिरवायचा, म्हणजे वीट कुठे संपते आणि मसाला कुठे सुरू होतो ते समजू नये. या हातात रंग धरून ठेवायला तुरटी घालत. हिराकसही वापरत, कारण त्यातलं लोह हवेत गंजून विटेसारखी तांबूस-पिवळी छटा देतं. मसाला ओलसर असतानाच पट्टी धरून त्यात सरळ खाच ओढायची. त्या खाचेत चुन्याचा लगदा आणि बारीक पांढरी वाळू यांची रेघ लोखंडी पट्टीने दाबत न्यायची. रेघ भिंतीपासून दीड-दोन मिलिमीटर पुढे राहते. शेवटी टोक वाकवलेल्या सुरीने वरची-खालची कड छाटायची. या सुरीला इंग्रज गवंडी ‘फ्रेंचमन’ म्हणतात. डब्लिनमध्ये हाच खेळ उलटा चालतो: आधी पांढरी रेघ, मग तिच्या दोन्ही बाजूंना रंगीत मसाला. तिथे त्याला ‘विगिंग’ म्हणतात.

रेघेतला चुना कुठला वेगळा नव्हे. तंबाखूत मळायचा असतो, त्याच जातीचा. चुनखडी सुमारे 900 अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात फसफसून विरतो आणि त्याचा लोण्यासारखा लगदा होतो. भिंतीवर गेल्यावर हा लगदा हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. हे बाहेरून आत, फार सावकाश होतं आणि त्याला ओल लागते. म्हणून कडक उन्हात ओली गोणपाटं टांगून भिंत जपावी लागते. घाईने वाळलेली रेघ बोट लावलं तरी भुकटी होऊन हातात येते.

डोळा फसतो कसा, हे त्याहून गमतीचं आहे. दोन रेघा किंचित मागेपुढे सरकलेल्या ओळखण्यात माणसाचा डोळा विलक्षण तयार असतो. चांगल्या उजेडात दहा मीटरवरून पाव मिलिमीटरची चूकही त्याला सापडू शकते. डोळ्याच्या पडद्यावरच्या एका शंकूपेशीच्या हिशेबात ही चूक तिच्या रुंदीहूनही लहान असते. म्हणजे इतक्या चिकित्सक डोळ्याला चकवायचं, तर त्याला चिकित्सेसाठीच काहीतरी निर्दोष द्यायला हवं. गडद विटेवरची पांढरी, सरळ, कडेला बारीक सावली पडणारी रेघ तेच करते. नजर तिच्यावरून धावते आणि वीट वाकडी आहे हे बघायचं राहून जातं.

दरजेच्या रंगाला किती महत्त्व असतं, हे ब्रिस्टलमधल्या एका कॅफेच्या भिंतीने दाखवलं. रिचर्ड ग्रेगरी आणि प्रिसिला हर्ड यांनी 1979मध्ये तिच्यावर शोधनिबंध लिहिला. काळ्या-पांढऱ्या फरश्यांच्या ओळी एकमेकींपासून थोड्या सरकवलेल्या होत्या, मधे करड्या दरजा. दरजा अगदी समांतर, पण दिसतात तिरप्या. दरज पांढऱ्या फरशीहून उजळ किंवा काळीहून गडद केली, की भास नाहीसा होतो. टकपॉइंटिंगची रेघ भिंतीतली सर्वांत उजळ वस्तू का ठेवली असेल, याचं एक उत्तर मला यात दिसतं. गवंड्यांनी ते प्रयोगाने नव्हे, हाताने शोधलं असणार.

मराठीत ‘चुना लावणे’ म्हणजे फसवणे, पण या चुन्याला फसवा म्हणायला माझं मन होत नाही. भिंतीत पाणी मुरतंच. चुन्याची दरज सच्छिद्र असते. पाणी तिच्यातून बाहेर पडतं, क्षार तिच्यात साठतात आणि झिजते ती दरज, वीट शाबूत राहते. बारीक तडा गेला तर पाण्यात विरघळलेला चुना तिथेच जमून तो बुजवतो. खरा चुना लावला तो नंतरच्या दुरुस्तीवाल्यांनी, तोही सिमेंटचा. कडक, घट्ट सिमेंटने दरजा बुजल्या की पाण्याला विटेतूनच वाट काढावी लागते. विटेच्या तोंडाशी क्षारांचे स्फटिक वाढतात, थंडीत पाणी गोठून नऊ टक्के फुगतं आणि विटेचा पापुद्रा सुटतो. मग जुनी वीट आत गेलेली आणि सिमेंटची दरज जाळीसारखी बाहेर उभी, अशा भिंती उरतात.

लंडनला गेलात तर खिडकीच्या कमानीजवळ नीट पाहा. तिथे खरी दरज एकीकडे गेलेली असते आणि पांढरी रेघ तिची वाट सोडून थेट विटेच्या अंगावरून सरळ पुढे निघून जाते.