ट्रॅक्टरमागून आलेले विमान

शेतकऱ्याच्या घरात लढाऊ विमानाचे काय काम, असे या लेखाचा विषय पाहून कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमानाची लहानशी प्रतिकृती करण्याचा जो छंद आज जगभर पसरला आहे, त्यातील एका मोठ्या नावाची सुरुवात विमानापासून झालेली नाही. ती झाली ट्रॅक्टरपासून. आणि हे काम हातांना जे शिकवते, ते शेतीत रोज लागते. म्हणून ही हकीकत आपल्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

आधी ट्रॅक्टर, मग विमान

आयर्लंडच्या उत्तर भागात हॅरी फर्ग्युसन नावाचा एका शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याने स्वतः विमान बांधले आणि ३१ डिसेंबर १९०९ रोजी ते उडवून दाखविले. पुढे तो शेतीच्या यंत्रांकडे वळला. आज आपल्या ट्रॅक्टरच्या मागे तीन ठिकाणी अवजार जोडण्याची आणि ते हायड्रॉलिकने उचलण्याची जी सोय असते, ती त्याचीच देणगी. १९४६ पासून इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे त्याचा करड्या रंगाचा 'टीई २०' ट्रॅक्टर तयार होऊ लागला. दहा वर्षांत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बाहेर पडले. विशेष म्हणजे त्याच कारखान्यात महायुद्धाच्या काळात विमानांची इंजिने बनत होती.

या ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांना गिऱ्हाइकापुढे ठेवण्यासाठी एक छोटा नमुना हवा होता. १९४९ च्या सुमारास ते काम मिळाले एअरफिक्स या इंग्रज कंपनीला. हंगेरीहून आलेल्या निकोलस कोव्ह यांनी १९३९ मध्ये ती काढली होती. हवा भरलेली खेळणी आणि कंगवे हा तिचा धंदा. नमुन्याचे भाग साच्यातून भराभर निघत, पण हाताने जोडण्यात मजुरी आणि वेळ फार जाई. तेव्हा पुढे तोच ट्रॅक्टर सुट्या भागांत विकावा, जोडणी गिऱ्हाइकाने घरी करावी, अशी युक्ती निघाली. ती लोकांना आवडली. १९५२ मध्ये एक शिडाचे जहाज आले आणि १९५३ मध्ये पहिले विमान, ते म्हणजे स्पिटफायर.

स्पिटफायरची थोडी ओळख

हे विमान आर. जे. मिचेल या इंग्रज अभियंत्याने आखले. ५ मार्च १९३६ रोजी ते साउदॅम्प्टनजवळ प्रथम उडाले. मिचेलला कर्करोग होता. जून १९३७ मध्ये वयाच्या ४२ व्या वर्षी तो वारला. आपले विमान लढाईत उतरलेले त्याने पाहिले नाही. पुढचे काम जोसेफ स्मिथ या त्याच्या सहकाऱ्याने नेले. एकंदर वीस हजारांवर स्पिटफायर बांधली गेली.

जुलै ते ऑक्टोबर १९४० या चार महिन्यांत जर्मनीच्या विमानांनी इंग्लंडवर हल्ले चढविले. त्यांना तोंड दिले ते हरिकेन आणि स्पिटफायर या दोन विमानांनी. संख्येने हरिकेन जास्त होती, पण नाव झाले ते स्पिटफायरचे. सप्टेंबर १९४० मध्ये साउदॅम्प्टनचा कारखाना बॉम्बने उद्ध्वस्त झाला. तेव्हा काम आसपासच्या गावांतील गॅरेज, बसचे आगार आणि धुलाईचे कारखाने अशा ठिकाणी वाटून दिले. कोणी पंख करी, कोणी शेपटी, आणि जोडणी तिसऱ्याच ठिकाणी होई. म्हणजे खरे विमानही एका अर्थी सुट्या भागांचा संचच होते.

मराठवाड्यातील वाचकांसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्लंडच्या हवाई दलात १५२ क्रमांकाची तुकडी स्पिटफायर उडवीत असे. निजामाच्या देणगीमुळे तिला 'हैदराबाद' असे नाव होते आणि तिच्या बोधचिन्हावर निजामाची पगडी होती. त्या काळी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि राज्याचे मोठे उत्पन्न शेतसाऱ्याचे होते. आपल्या पणजोबांनी चावडीवर भरलेला एखादा रुपया त्या विमानांत गेला असेल, असे म्हटले तर वावगे होणार नाही. पुढे भारतीय हवाई दलाकडेही स्पिटफायर आली. १९४७ मध्ये काश्मीरच्या लढाईत ती वापरली गेली.

वीतभराहून लहान

या संचांचे नेहमीचे प्रमाण एकास बहात्तर, म्हणजे खऱ्या विमानाचे ६ फूट इथे १ इंच. खऱ्या स्पिटफायरच्या पंखांचा पसारा ११.२३ मीटर आणि लांबी ९.१२ मीटर. प्रतिकृतीत पसारा साडेपंधरा सेंटिमीटरच्या आसपास येतो आणि लांबी पावणेतेरा. सगळे विमान तळहातावर मावते. मुलांना अपूर्णांक आणि प्रमाण शिकवायला याहून चांगले साधन क्वचित सापडेल.

खोक्यात प्लॅस्टिकच्या काड्यांची चौकट असते आणि तिला भाग लटकलेले असतात. सोबत चित्रांची पत्रिका आणि चिन्हे छापलेला कागद. पत्रिकेत मजकूर थोडा, आकडे आणि बाण जास्त. इंग्रजी न येणारा मुलगाही ती वाचू शकतो, मात्र वाचली पाहिजे. खताची गोणी फोडून झाल्यावर तिच्यावरचे छापील पाहण्याची जी सवय आपल्याकडे आहे, ती इथे चालत नाही.

काम कसे करावे

प्रथम सगळे भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सुकवावेत. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेला ओशटपणा राहिला तर रंग धरत नाही.

भाग हाताने पिळून तोडू नये. बारीक कात्रीने किंवा नेलकटरने काडीपासून थोडे दूर कापावे आणि राहिलेला डोळा पॉलिश पेपरने घासून काढावा. ज्या पायरीचे भाग हवेत तेवढेच कापावेत. सगळे एकदम कापून ठेवले तर कोणता कुठला ते कळत नाही.

गोंद लावण्याआधी भाग कोरडेच जुळवून पाहावेत. आंब्याचे कलम बांधताना खुंट आणि काडी यांची साल सालीला लागते की नाही हे आपण आधी पाहतो, तसेच हे. साम्य इथेच संपत नाही. या कामाचा गोंद फेविकॉलसारखा नुसता चिकटत नाही. तो दोन्ही कडांचे प्लॅस्टिक किंचित विरघळवितो आणि दोन भाग एकजीव होतात. म्हणून तो थेंबभरच लावावा. जास्त झाला तर भागच वितळतो.

सुरुवात वैमानिकाच्या बैठकीपासून. आसन, दांडा, घड्याळांची फळी हे सारे आधी रंगवून आत बसवावे लागते, कारण धडाचे दोन अर्ध मिटले की हात आत जात नाही. मग पंख. ते सरळ आडवे नसतात, टोकांकडे वर उचललेले असतात. दोन्ही टोके टेबलापासून सारख्या उंचीवर आहेत का ते मोजपट्टीने पाहावे, खाली काडेपेट्या लावाव्यात आणि रात्रभर हलवू नये.

पंखाखाली उजवीकडे एक मोठी पेटी आणि डावीकडे एक बारीक नळकांडे येते. पुष्कळांना वाटते, काही तरी चुकले. चुकलेले नसते. पहिल्या बनावटीच्या स्पिटफायरमध्ये इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर उजवीकडे आणि तेल थंड करणारा भाग डावीकडेच होता.

आता रंग. हा भाग शेतकऱ्याला विशेष रुचेल. वरून विमानाला दोन रंगांचे मोठे पट्टे असत: एक गडद हिरवा, दुसरा मातकट तपकिरी. दुसऱ्याचे नावच 'डार्क अर्थ', म्हणजे गडद माती. वरून पाहणाऱ्या शत्रूला नांगरलेली शेते आणि हिरवी कुंपणे यांत विमान मिसळून जावे, हा हेतू. पोटाकडचा रंग फिका, आभाळात मिसळणारा. पाण्यात मिसळणारे रंग घ्यावेत. एकच जाड हात न देता दोन पातळ हात द्यावेत, आणि पहिला पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. वाफसा आल्याशिवाय आपण कुळव घालत नाही, तेच धोरण.

काचेचे झाकण मात्र फेविकॉलनेच बसवावे. दुसऱ्या गोंदाच्या वाफेने ते धुरकट होते. शेवटी चिन्हांचा कागद कापून कोमट पाण्यात भिजवावा आणि चिन्ह सुटू लागले की ओल्या कुंचल्याने जागेवर सरकवावे.

एका घरातली गोष्ट

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातील एका कांदा बागायतदाराकडे गेलो होतो. थोरला मुलगा सतरा वर्षांचा, बारावीला दोनदा नापास झालेला. बाप-लेकांत बोलणे जवळपास बंद होते. मुलगा पडवीत बसून असेच एक स्पिटफायर जोडीत होता.

वडील मला म्हणाले, "साहेब, तुम्हीच सांगा याला. युरियाला पैसे पुरत नाहीत अन् हे पोरगं विमानं चिकटवतंय."

"पैसे मामानं दिलेत, आबा," मुलगा मान वर न करता म्हणाला.

मी जवळ जाऊन पाहिले. पंखांखाली काडेपेट्या होत्या आणि तो दोन्ही टोके मोजीत होता. "एक मिलिमीटर फरक आला तरी समोरनं दिसतो, साहेब," तो म्हणाला.

मी त्याला विचारले, "तुमच्या फवारणी पंपाचं नोझल मिनिटाला किती पाणी सोडतं, ते कधी मोजलंस का?" त्याने नाही म्हटले. पंपात साधे पाणी भरून, मापट्यात एक मिनिट धरून कसे मोजायचे ते मी सांगितले. आठवड्याने फोन आला. घरात दोन पंप होते आणि एकाचे नोझल झिजून दुसऱ्याच्या जवळपास दीडपट पाणी सोडीत होते. म्हणजे निम्म्या रानाला औषध जास्त बसत होते. त्याने वही घालून तीनतीनदा मोजले होते.

पुढच्या फेरीत मी गेलो तेव्हा विमान पडवीतल्या भिंतीवर एका फळीवर होते. फळी कोणी ठोकली, असे मी विचारले. "आबांनी," मुलगा म्हणाला. आबा शेजारी कांदा निवडीत बसले होते. ते काही बोलले नाहीत. मुलाने पुढे काय शिकायचे हे अजून ठरायचे आहे. पण पंपांची तपासणी आता त्याच्याकडे आहे आणि त्याबद्दल दोघे रोज बोलतात.

जपावयाच्या गोष्टी

या गोंदाची वाफ डोक्यात जाते आणि तो पेटतोही. म्हणून काम पडवीत किंवा उघड्या खिडकीशी करावे. चूल, उदबत्ती, विडी जवळ नको. झाकण लगेच लावावे आणि बाटली लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. कीटकनाशकाच्या डब्याला जो नियम, तोच हिला. पाते आपल्याकडे ओढून कापू नये. घासलेली भुकटी ओल्या फडक्याने पुसावी.

खर्चाचेही स्पष्ट बोलावे. ही गरजेची वस्तू नाही. बियाणे आणि शाळेची फी यांच्या आधी तिचा नंबर लागत नाही. घ्यायचाच तर पहिला संच लहान आणि थोड्या भागांचा घ्यावा.

आणि मुलांना हेही सांगावे की हे खेळणे ज्याचे आहे, ते यंत्र माणसे मारण्यासाठी बांधलेले होते. १९४० च्या त्या चार महिन्यांत इंग्लंडच्या बाजूचे ५४४ लढाऊ वैमानिक व त्यांचे सहकारी गेले, आणि समोरच्या बाजूचे त्याहून कितीतरी अधिक. बहुतेक विशी-पंचविशीतली पोरे. आसनावर बोटाच्या पेराएवढा वैमानिक चिकटविताना हे एकदा मनात आणावे, मग झाकण बसवावे आणि गोंद रात्रभर वाळू द्यावा.