पेटी आणि पत्र

परदेशाहून येणाऱ्या प्रवाशाची पेटी सीमेवर उघडून पाहावी, ही रीत फार जुनी आहे. कर चुकवून आणलेला माल देशात शिरू नये, हा तिचा मूळ हेतू. अमेरिकेच्या पहिल्या काँग्रेसने १७८९ साली जो जकातीचा कायदा केला, त्यात संशयित जहाजांची झडती वॉरंटावाचून घेण्याचा अधिकार जकात-अधिकाऱ्यांस दिला होता. १७९१ साली घटनेच्या चौथ्या दुरुस्तीने नागरिकांची घरे व कागदपत्रे यांना अकारण झडतीपासून संरक्षण मिळाले. परंतु सीमेवरील झडती न्यायालयांनी या नियमाला अपवाद मानली.

मुलांनो, त्या काळच्या प्रवाशाच्या पेटीत असून असून काय असणार? चार कपडे आणि फार तर पत्रांचा एखादा जुडगा. आजचा प्रवासी मात्र खिशातल्या मोबाइल फोनमध्ये आपली सारी पत्रे, घरच्यांची छायाचित्रे, बँकेचे व्यवहार आणि दुखण्याखुपण्याच्या नोंदी घेऊन हिंडतो. अटकेतील माणसाचा फोनही पोलिसांनी एरवी वॉरंटावाचून उघडू नये, असा निर्णय २०१४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दिला. खिसा तपासणे आणि फोन तपासणे एकच मानणे म्हणजे घोड्यावरची रपेट आणि चंद्रावरचे उड्डाण एकच मानणे होय, अशा अर्थाचे मार्मिक उद्गार सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी त्यात काढले. पण तो खटला सीमेवरचा नव्हता.

जानेवारी २०१७ मध्ये नासाच्या एका प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ चिलीहून मायदेशी परतला. तो जन्माने अमेरिकन. तरीही ह्यूस्टनच्या विमानतळावर त्याच्याकडून फोनचा संकेतांक मागून घेण्यात आला. फोन प्रयोगशाळेच्या मालकीचा होता. तो अर्ध्या तासाने परत मिळाला. आत काय काय पाहिले, हे त्याला कोणी सांगितले नाही. नागरिकाला निदान देशात प्रवेश नाकारता येत नाही. आपल्याकडून लेकीला किंवा भावाला भेटायला गेलेल्या पाहुण्याला तेवढाही आधार नसतो.

जानेवारी २०१८ मध्ये तेथील सीमाशुल्क खात्याने नवे नियम केले. अधिकाऱ्याने फोन नुसता हाताने चाळायचा तर संशयाचे कारण लागत नाही. यंत्र जोडून त्यातील माहिती उतरवून घ्यायची तर एरवी सयुक्तिक संशय आणि वरिष्ठांची संमती लागते. फोनबाहेर दूर कोठे साठवलेली माहिती मात्र पाहू नये.

येथे मला एक जुनी गोष्ट आठवते. शाळेत एकदा घड्याळ हरवले, म्हणून मी मुलांची दप्तरे तपासली. एका दप्तरात आईला लिहिलेले पत्र निघाले. घड्याळ काही पत्राच्या घडीत मावत नाही. तरीही मी ते वाचले. मुलगा खाली मान घालून उभा होता. त्या वर्षी त्याने माझ्याशी पुन्हा मोकळेपणाने बोलणे केले नाही.

नवल असे, की हा भेद अमेरिकेच्या टपालाच्या नियमांना ठाऊक होता. परदेशातून आलेले संशयित पाकीट जकात-अधिकाऱ्याने फोडावे. परंतु आतील पत्र वॉरंटावाचून वाचू नये, असा तो नियम. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने पाकिटे फोडण्यास मान्यता दिली, तेव्हा त्याचा उल्लेखही केला. फोनबाबत मात्र न्यायालयांत एकवाक्यता झाली नाही. २०१८ साली एका अपील न्यायालयाने संशयाचीही गरज नाही असे म्हटले. २०२४ साली न्यूयॉर्कमधील एका न्यायाधीशांनी सीमेवरही वॉरंट हवे असे ठरविले.