बदाम किंवा राजा

५२ पत्त्यांच्या कॅटमधून एक पान ओढलं. ते बदाम किंवा राजा निघण्याची संभाव्यता किती? बदामाची पानं १३, राजे ४, म्हणून १७/५२, असं उत्तर हमखास येतं. पानं खरोखर मोजून पाहा, १६च भरतात. बदामचा राजा बदामातही धरला गेला आणि राजांतही. त्याला एकदा वजा केलं की १६/५२, म्हणजे ४/१३. ‘राजा किंवा राणी’ विचारलं असतं, तर ८/५२ ही सरळ बेरीज चालली असती, कारण एकच पान राजाही आणि राणीही असत नाही.

काहीजण उलट टोकाला जातात आणि बदामच्या राजाला गाळूनच टाकतात. गणितात ‘किंवा’ म्हटलं की दोन्ही अटी पाळणारं पानही चालतं.

‘घटना स्वतंत्र असल्या की बेरीज करावी’ हा समज मात्र जास्त चिवट. बदाम आणि राजा या स्वतंत्रच घटना आहेत: १/४ गुणिले १/१३ बरोबर १/५२. तरीही नुसती बेरीज चुकली. बेरजेला दोन्ही एकत्र घडणं अशक्य असावं लागतं, स्वतंत्र असणं पुरत नाही.

फाशांच्या खेळात हीच चूक लपून बसते. लुडोत तीनदा फासा टाकला की निदान एकदा सहा पडण्याची शक्यता ३/६, म्हणजे निम्मी? या हिशेबाने सात वेळा टाकल्यावर ती ७/६ होईल! त्यापेक्षा एकदाही सहा न पडण्याची शक्यता काढावी: ५/६ चा घन, १२५/२१६. उरले ९१/२१६, जेमतेम ४२ टक्के.

फ्रान्समधला जुगाराचा शौकीन शेव्हालिए द मेरे असाच अडला होता. एक फासा चारदा टाकून सहा मिळवण्याची पैज फायद्याची, मग दोन फासे २४ वेळा टाकून दुहेरी सहा मिळवण्याचीही असणार, असं त्याचं त्रैराशिक: सहाला चार, तर छत्तिसाला चोवीस. पैसे हरल्यावर त्याला चूक कळली, असं सांगतात. मला ते पटत नाही; बरोबरीच्या पैजेचे ५० टक्के आणि या पैजेतले खरे ४९.१ टक्के, यांतला फरक जाणवायला हजारो डाव लागतील. गणितज्ञ पास्कलने २९ जुलै १६५४ला दुसरा गणितज्ञ फेर्मा याला लिहिलेल्या पत्रातही द मेरेची तक्रार अंकगणितच स्वतःला खोडून काढतं अशी आहे. एक फासा चारदा टाकण्याच्या पैजेत जिंकण्या-हरण्याचं प्रमाण त्याच पत्रात आहे: ६७१ला ६२५. दोन फासे २४ ऐवजी २५ वेळा टाकले, तर शक्यता ५०.६ टक्क्यांवर जाते.